प्रा. अमीर प्नुएली (१९४१–२००९): संगणकाला 'कधी ना कधी' शिकवणारे गणितज्ञ



या पानावर आपण बहुतेक वेळा आपल्याच माणसांबद्दल वाचतो. पलटणीतले सुभेदार, मुंबईतले डॉक्टर, शिक्षक, जुन्या सिनेमातल्या नट्या. आज मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते आपल्या समाजातले नव्हते. पण ते या देशात जन्मले, रेहोवोतमध्ये आणि तेल अवीवमध्ये त्यांनी शिकवलं, आणि त्यांच्या कामाचा उपयोग आपल्या सगळ्यांना रोज होतो. लिफ्टमध्ये चढताना होतो, विमानात बसताना होतो, आणि आपल्या वयात ज्या खोलीत वरचेवर जावं लागतं त्या हॉस्पिटलच्या खोलीतही होतो. तरी आपल्या मंडळींपैकी कितीजणांना अमीर प्नुएली हे नाव माहीत आहे?

मी नर्स. संगणकाचं शिक्षण माझं नाही. पण प्नुएलींनी ज्या प्रश्नावर आयुष्य घालवलं तो प्रश्न कुठल्याही नर्सला सांगायला लागत नाही, म्हणून लिहायची हिंमत करते.

प्रश्न असा. एका वॉर्डात दोन नर्स आहेत आणि एक रुग्ण आहे. पहिली नर्स केस पेपर बघते, आठचं इंजेक्शन दिल्याची सही नाही. ती औषध भरायला जाते. तेवढ्यात दुसरी येते, तीही पेपर बघते, सही नाही. तीही औषध भरायला जाते. दोघींनी पेपर नीट वाचला, दोघींनी औषध बरोबर भरलं, दोघींनी नंतर सही केली. आणि रुग्णाला डोस दोनदा गेला. यात एकटी एकटी पाहिली तर कुणीच चुकलेलं नाही. चूक दोघींच्या मधे आहे, वेळेच्या फटीत आहे. म्हणूनच वॉर्डात नियम असतात: विषारी औषधांच्या कपाटाला एकच किल्ली, आणि ती जिच्याकडे असेल तिनेच त्या वेळी पेपरला हात लावायचा.

आता नर्सच्या जागी प्रोग्राम घाला. आजच्या संगणकात एका वेळी अनेक प्रोग्राम चालतात आणि ते सगळे एकाच जागची माहिती वाचतात आणि बदलतात. त्यांनाही किल्ली लागते. ती कुठे ठेवायची, कुणी कधी उचलायची, कधी परत करायची, हे जमवणं फार किचकट. प्नुएलींचा ध्यास दोन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी, हे जमलं आहे की नाही ते गणिताने तपासायचं. दुसरी जास्त धाडसाची: माणसाने फक्त काय घडलं पाहिजे ते सांगायचं, आणि किल्लीची सगळी व्यवस्था संगणकानेच शोधून काढायची.

अमीर प्नुएलींचा जन्म २२ एप्रिल १९४१ चा, नहलालचा. नहलाल म्हणजे यिझ्रेल खोऱ्यातला १९२१ साली वसलेला पहिला मोशाव. वरून पाहिलं तर गाडीच्या चाकासारखा गोल दिसतो. मधे सगळ्यांच्या उपयोगाच्या इमारती, भोवती घरं आणि बाहेर शेतं. मोशे दायान तिथेच लहानाचे मोठे झाले. अमीरचे वडील शाय प्नुएली हे हिब्रू साहित्याचे अभ्यासक होते. त्यामुळे घरात शब्दांचं महत्त्व होतं. मुलगा गणिताकडे गेला खरा, पण पुढे त्याने जे नाव कमावलं ते एका अर्थी शब्दांमुळेच, ते खाली येईलच. प्नुएल हे नाव तर आपल्याला पाराशातून ओळखीचं आहे. याकोब आवीनू रात्रभर झुंजले ती जागा. इतका चिवट प्रश्न घेऊन बसणाऱ्या माणसाला हे आडनाव शोभतं असं मला आपलं वाटतं.

हैफाच्या टेक्नियॉनमधून गणिताची पदवी घेऊन ते रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये आले. तिथे प्रा. खाइम पेकेरिस हे मोठे गणितज्ञ होते. इस्राएलमधला पहिला संगणक वायझॅक हा पेकेरिस यांच्याच आग्रहामुळे वाइझमनमध्ये बांधला गेला आणि १९५५ पासून चालू लागला. एवढ्या लहान, कर्जात बुडालेल्या देशाला हे यंत्र हवंच कशाला, असं विचारणारे तेव्हा होते. पेकेरिस यांना ते हवं होतं समुद्रासाठी. साऱ्या जगाच्या महासागरांची भरती-ओहोटी हिशेबाने काढायची, हा त्यांचा मोठा बेत.

तरुण अमीरने याच विषयावर त्यांच्या हाताखाली १९६७ साली डॉक्टरेट मिळवली. म्हणजे संगणकशास्त्रातल्या या थोर माणसाची डॉक्टरेट संगणकाची नाहीच, भरती-ओहोटीची! आपल्यातल्या कोकणच्या माणसांना याचं वेगळं कौतुक वाटावं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीची वेळ बघावी लागते आणि भरतीच्या आत परत फिरावं लागतं. पाणी येणार हे नक्की, पुन्हा उतरणार हेही नक्की, आणि हा खेळ कधी संपत नाही. प्नुएलींनी पुढे ज्या यंत्रांचा विचार केला तीही अशीच होती, न संपणारी. भरती-ओहोटीवरूनच त्यांना ते सुचलं असं मी म्हणत नाही. योगायोग मात्र सुंदर आहे.

डॉक्टरेटनंतर ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि तिथे विषय बदलला. समुद्र सुटला, संगणक धरला. तिथेच झोहर माना या इस्राएली शास्त्रज्ञाशी जोडी जमली, ती शेवटपर्यंत टिकली. पुढे दोघांनी मिळून जे ग्रंथ लिहिले ते या विषयातले पायाभूत ग्रंथ मानले जातात. इस्राएलला परतल्यावर प्नुएली काही वर्षं वाइझमनमध्ये होते. मग १९७३ मध्ये ते तेल अवीव विद्यापीठात गेले. तिथला संगणकशास्त्र विभाग त्यांनी उभा केला आणि त्याचे पहिले प्रमुखही तेच झाले.

आता थोडं मागे जाते, म्हणजे त्यांनी नवीन काय केलं ते कळेल.

एका वेळी चालणाऱ्या प्रोग्रामांची भांडणं कशी मिटवायची यावर १९६५ च्या सुमारास हॉलंडच्या एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी मोठं काम केलं होतं. त्यांनी 'सेमाफोर' नावाची युक्ती दिली. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात वरखाली करणारा सिग्नल. आपल्यात रेल्वेत नोकरी केलेली घरं पुष्कळ, त्यांना सांगायला नको. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी पुढे जात नसे आणि पुढच्या स्टेशनला ते टोकन परत करावं लागे. टोकन एकच, म्हणून त्या मार्गावर गाडीही एकच. तीच गोष्ट प्रोग्रामची. पण टोकन कुठे घ्यायचं आणि कुठे द्यायचं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोक्याने ठरवायचं. एक जागा विसरली की टक्कर. आणि भीतीपोटी जास्त कुलपं लावली तर वेगळंच संकट: एकीच्या हातात किल्ली आणि ती पेपरची वाट बघते आहे, दुसरीच्या हातात पेपर आणि ती किल्लीची वाट बघते आहे. दोघी उभ्याच. रुग्ण तसाच.

शिवाय प्रोग्राम बरोबर आहे हे सिद्ध करण्याच्या तेव्हाच्या पद्धती मुख्यतः सुरुवात आणि शेवट बघणाऱ्या होत्या. वाण्याच्या बिलासारखं: आकडे दिले, बेरीज आली, बरोबर की चूक ते बघा, संपलं. पण लिफ्टचा शेवट कुठला? रस्त्यावरच्या दिव्यांचा? आमच्या वॉर्डाचा? वॉर्डाला शेवट नसतो. ड्यूटी संपते, हँडओव्हर होतो, वॉर्ड चालूच. अशा न संपणाऱ्या कामाबद्दल बोलायला गणिताकडे तेव्हा सोयीची भाषा नव्हती.

ती भाषा प्नुएलींना सापडली तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत. १९७६ च्या सुमारास ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात होते. तिथे त्यांची काळाच्या तर्कशास्त्राशी ओळख झाली. हा विषय न्यूझीलंडचे आर्थर प्रायर यांनी उभा केला होता. प्रायर यांना संगणकाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना प्रश्न पडत ते असे की देवाला उद्याचं आधीच माहीत असेल तर माणसाला निवड करायला मोकळीक उरते का. अशा प्रश्नांसाठी त्यांनी 'नेहमी असंच राहील' आणि 'कधी ना कधी असं होईल' या बोलण्याला गणितासारखी काटेकोर चिन्हं दिली होती.

प्नुएलींनी ते पाहिलं आणि ओळखलं की आपल्याला हवी ती भाषा हीच. १९७७ मध्ये त्यांनी प्रोग्रामांच्या कालिक तर्कशास्त्रावर एक निबंध वाचला. निबंध लहानसाच, पण पुढे याच कामासाठी त्यांना संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान मिळाला.

मोठं काय होतं त्यात? दोन शब्द बघा. पहिला शब्द 'नेहमी'. नेहमी एकीच्याच हातात किल्ली असेल. म्हणजे वाईट गोष्ट कधीच होणार नाही. दुसरा 'कधी ना कधी'. जिने किल्ली मागितली तिला ती कधी ना कधी मिळेल. म्हणजे चांगली गोष्ट झाल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही लागतात! नुसतं पहिलं वचन पाळायचं तर सोपा उपाय आहे, कपाटाला कुलूप लावून किल्ली विहिरीत टाका. दोनदा डोस कधीच जाणार नाही. पण एकदाही जाणार नाही. नुसतं दुसरं पाळायचं तर कपाट सताड उघडं ठेवा. सगळ्यांना सगळं मिळेल आणि गोंधळ होईल. दोन्ही वचनं एकत्र पाळणं हेच खरं काम. आमच्या प्रशिक्षणात हे कुणी असं मांडून सांगितलं असतं तर निम्मे नियम पाठ करावे लागले नसते.

१९८० मध्ये त्यांनी आणखी तीन इस्राएली गणितज्ञांबरोबर या भाषेत 'तोपर्यंत' हा शब्द आणला आणि न्याय म्हणजे काय यावर लिहिलं. न्याय कोर्टातला नव्हे, रांगेतला. एखादा सारखा मागतो आहे आणि प्रत्येक वेळी दुसराच पुढे घुसतो, हा अन्याय. यंत्राच्या आतसुद्धा तो होऊ नये आणि होत नाही हे सिद्ध करता यावं, असा प्रयत्न. कुपात होलिमच्या रांगेत बसणाऱ्या वाचकांना जास्त सांगत नाही.

१९८१ मध्ये ते पुन्हा रेहोवोतला, वाइझमनमध्ये प्रोफेसर म्हणून आले. तिथे डेव्हिड हारेल हे दुसरे नामांकित शास्त्रज्ञ होते. हारेल त्या काळात तासिया अविरीतल्या इंजिनियरांना लावी लढाऊ विमानाच्या कामात सल्ला देत होते. आपल्यातलेही बरेच जण तेव्हा तासिया अविरीत नोकरीला होते, त्यांना लावीचे दिवस आठवत असतील आणि १९८७ मध्ये तो प्रकल्प बंद झाल्याचं दुःखही. विमानाच्या आत एकाच वेळी इतक्या गोष्टी चालतात की कागदावर त्यांचं वर्णन करणंच अवघड. हारेल आणि प्नुएली यांनी अशा यंत्रणांना एक नाव दिलं. आपण त्यांना प्रतिसादी यंत्रणा म्हणू. बाहेरचं जग सतत काहीतरी करतं आणि यंत्रणेने सतत उत्तर द्यायचं. दोघांनी आणखी काही जणांबरोबर १९८४ मध्ये एक कंपनीही काढली, अशा यंत्रणांची आखणी संगणकावर करून बघण्यासाठी. प्नुएली नुसते फळ्यापुढचे प्रोफेसर नव्हते. त्यांनी आयुष्यात दोन कंपन्या सुरू करण्यात भाग घेतला.

इथे एक प्रसंग सांगते. तो प्नुएलींचा नाही, पण त्यांच्या प्रश्नाची किंमत किती होती ते त्यातून कळतं. त्याच वर्षांत, १९८५ ते १९८७, अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या कॅन्सरच्या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना नको इतका भयंकर डोस दिला. त्यातले काही दगावले. एक कारण असं निघालं: यंत्र चालवणाऱ्या बाईने उपचाराचा प्रकार चुकून दुसराच टाकला आणि लगेच मागे जाऊन तो दुरुस्त केला. यंत्रातली चुंबकं जागेवर बसायला सुमारे ८ सेकंद लागत. त्या ८ सेकंदांच्या आत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण प्रोग्रामच्या दुसऱ्या भागाला ती कळतच नसे. हात सरावलेला असेल तरच हे घडे. म्हणजे बाई कामात जितकी तरबेज, तितका धोका जास्त! जुन्या यंत्रात अशा वेळी किरण अडवणारी वेगळी व्यवस्था होती. नव्यात सगळा भरवसा प्रोग्रामवर ठेवला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. दोन नर्स आणि एक पेपर, तीच गोष्ट. फक्त दोन्ही नर्स यंत्राच्या पोटात होत्या आणि कुणाला दिसत नव्हत्या.

आता दुसऱ्या पायरीकडे येते. चूक शोधण्यापेक्षा चूक होणारच नाही असा प्रोग्राम संगणकानेच का लिहू नये? आपण फक्त 'नेहमी' आणि 'कधी ना कधी'ची वचनं लिहून द्यायची.

१९८१ मध्ये अमेरिकेत एडमंड क्लार्क आणि अॅलन एमर्सन यांनी नेमकं हेच करून दाखवलं. वचनांवरून किल्ल्यांच्या देवघेवीचा सांगाडा आपोआप काढायचा, बाकीचं मांस माणसाने भरायचं. झोहर माना आणि त्यांचे विद्यार्थी पियेर वोल्पर यांनीही त्याच सुमारास दुसऱ्या वाटेने तेच साधलं. दोन्हीकडे पाया प्नुएलींच्या कल्पनेचाच. पण त्यात एक उणीव होती. सगळी पात्रं आपल्या हातातली आहेत, आपण सांगू तशी वागतील असं त्यात धरलेलं होतं. खरं जग तसं वागत नाही. रुग्ण रात्री दोनलाच घंटा वाजवतो, नातेवाईक कधीही येतात, दिवे जातात.

म्हणून १९८९ मध्ये प्नुएली आणि त्यांचे विद्यार्थी रोनी रोस्नर यांनी प्रश्न कडक केला. बाहेरच्या जगाने काहीही केलं तरी आपलं वचन मोडणार नाही, असा प्रोग्राम संगणकाने काढायचा. बुद्धिबळात समोरच्याच्या प्रत्येक चालीला उत्तर तयार असावं तसं. त्यांनी सिद्ध केलं की हे होऊ शकतं. आणि त्याच निबंधात हेही सिद्ध केलं की त्याला लागणारी मेहनत भयानक वाढते. किती? समजा नियमाची लांबी ३ असेल तर काम २५६, ४ ला ६५,५३६, ५ ला चारशे एकोणतीस कोटींच्या वर. आणि ६ ला जो आकडा येतो तो लिहायला १८ वर अठरा शून्यं मांडावी लागतात. खऱ्या यंत्राचे नियम तर पानंच्या पानं असतात.

पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, याहून कठीण उत्तर आलं. दोन भाग असतील, प्रत्येकाला बाहेरच्या जगाचा वेगवेगळा तुकडा दिसत असेल आणि दोघांत बोलणं नसेल, तर दोघांसाठी मिळून वचन पाळणारे प्रोग्राम काढण्याची सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. अवघड नव्हे, अशक्य. दोन वेगळ्या मजल्यांवरच्या दोन नर्स, मधे फोन नाही, आणि दोघींनी मिळून एकच वचन पाळायचं. काही खास प्रकारांत जमतं, पण सगळ्यांना पुरेल अशी एक रीत नाही. हेही प्नुएली आणि रोस्नर यांनीच सिद्ध केलं.

ज्या स्वप्नाच्या मागे आपण लागलो त्यालाच आपल्या हाताने कुलूप लावायचं आणि ते छापून जगाला सांगायचं, हे प्रत्येकाला जमत नाही. डॉक्टरांमध्येही मी पाहिलं आहे, आपला उपाय चालत नाही हे कबूल करणारे थोडेच. या निबंधांनंतर पुष्कळांनी हा रस्ता सोडून दिला. बरीच वर्षं त्या प्रश्नाकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

मानमरातब मात्र येत राहिले. १९९६ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. संगणकशास्त्रात नोबेल नाही, त्याच्या जागी हाच. काळाचं तर्कशास्त्र संगणकात आणल्याबद्दल आणि यंत्रणा तपासण्याच्या कामाबद्दल तो दिला गेला. त्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आपल्या यशाची गोष्ट सांगण्यापेक्षा पुढची गोष्ट मांडली: यंत्रणा तपासणारा इंजिनियर हा उद्या स्वतंत्र पेशा होईल. आज चिप बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये असे इंजिनियर भरलेले आहेत. आपल्या मुलानातवंडांपैकीही कुणी असतील. २००० साली इस्राएल पुरस्कार मिळाला. १९९९ पासून ते न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवत होते. क्लार्क, एमर्सन आणि फ्रान्सचे जोसेफ सिफाकिस यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तोही प्नुएलींच्या भाषेत लिहिलेली वचनं यंत्राकडून तपासून घेण्याच्या पद्धतीबद्दल. दुसऱ्या पिढीला तोच मान मिळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

मला मात्र या सगळ्या पुरस्कारांपेक्षा २००६ साल मोठं वाटतं. प्नुएली तेव्हा पासष्टीच्या घरात. नीर पितरमन आणि यानिव सआर या दोन तरुणांबरोबर ते त्याच बंद कुलपाकडे परत गेले. जुनं उत्तर खोटं ठरवायला नव्हे, ते खरंच होतं. त्यांनी विचारलं की माणसं प्रत्यक्षात जी वचनं लिहितात ती इतकी गुंतागुंतीची असतात का? बघितलं तर बहुतेक वचनं एकाच साच्यात बसत होती. साचा असा: बाहेरचं जग आपलं काम करत राहील, तर मीही माझं काम करत राहीन. नर्सच्या भाषेत सांगते. फार्मसीतून औषधं येत राहिली, डॉक्टर राउंडला येत राहिले, तर प्रत्येक रुग्णाला माझ्याकडून त्याचं औषध मिळत राहील. औषधंच आली नाहीत तर तो दोष माझ्या माथी नाही. वचन सशर्त आहे, पण प्रामाणिक आहे.

असं एवढ्यावर थांबलं तर गणित आटोक्यात येतं. यंत्रणेच्या जितक्या अवस्था असतील त्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात काम, त्याहून जास्त नाही. आकडा मोठाच, पण संगणकाला झेपणारा.

लगेच २००७ मध्ये त्यांनी आणि ऑस्ट्रियातल्या सहकाऱ्यांनी हे खऱ्या वस्तूवर करून बघितलं. आपल्या मोबाइलमध्ये असतात तशा चिपच्या आत अनेक भाग एकाच वाटेने माहिती पाठवतात. ती वाट कुणाला कधी द्यायची हे ठरवणारा एक पंच असतो. एआरएम कंपनीच्या अशाच एका पंचाचे नियम त्यांनी वचनांच्या रूपात लिहिले आणि संगणकाला दिले. दोघांना एका वेळी वाट देऊ नये, आणि मागणाऱ्याला कधी ना कधी ती मिळावी. पंच संगणकाने स्वतः बांधला. माणसाने बांधलेल्यापेक्षा तो आकाराने मोठा आणि बोजड निघाला, हेही त्यांनी लपवलं नाही.

त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी त्यांच्याबद्दल जे लिहिलं आहे त्यात हुशारीइतकाच उल्लेख साधेपणाचा आहे. विद्यार्थ्याला, सहकाऱ्याला बरोबरीने वागवणारा माणूस. त्यांच्या निबंधांवर विद्यार्थ्यांची नावं किती असतात ते पाहिलं तरी हे पटतं.

२ नोव्हेंबर २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचं निधन झालं. वय ६८. मागे पत्नी, तीन मुलं आणि नातवंडं. काम तेव्हाही चालू होतं. २००६ च्या त्या निबंधाचं पूर्ण, विस्तारित रूप छापून आलं ते २०१२ मध्ये. लेखकांच्या पाच नावांत प्नुएलींचंही नाव आहे.